डीलरने २०१७ ची सांगून २०१४ ची गाडी गळ्यात मारली. न्यूझीलंडमध्ये काय करता येईल?

वेलदोडा
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण आता गरजच पडली आहे.

ऑकलंडला राहते. मागच्या हिवाळ्यात (इथला हिवाळा, म्हणजे तुमचा पावसाळा) एका डीलरकडून जपानहून आलेली वापरलेली टोयोटा अ‍ॅक्वा घेतली. जाहिरातीत वर्ष २०१७, काचेवर लावलेल्या माहितीपत्रकावर २०१७, विक्रीच्या करारावरही २०१७. किंमत साडेतेरा हजार डॉलर. चार हजार रोख दिले, उरलेल्याचं कर्ज डीलरनेच एका फायनान्स कंपनीकडून करून दिलं. पहिल्या वर्षाचा विमाही त्यानेच काढून दिला होता.

परवा विमा दुसऱ्या कंपनीकडे न्यावा म्हणून त्यांच्या साइटवर नंबर प्लेट टाकली. समोर आलं, 'टोयोटा अ‍ॅक्वा, २०१४'. वाटलं साइटचा घोळ असेल. कारजॅमवर (नंबर प्लेटवरून गाडीची नोंद दाखवणारी इथली साइट) रिपोर्ट काढला, तिथेही २०१४. मग गाडी घेऊन ओळखीच्या मेकॅनिककडे गेले. त्याने ड्रायव्हरच्या सीट बेल्टचा पट्टा शेवटपर्यंत ओढला, खालच्या टोकाला शिवलेलं लेबल अंगठ्याने सरळ केलं आणि टॉर्च मारला. २०१४. बाकीच्या पट्ट्यांवरही तेच.

डीलरला फोन केला तर म्हणाला, "टायपिंग मिस्टेक झाली असेल, पण गाडी उत्तम चालतेय ना?" आणि पाचशे डॉलरचं सर्व्हिसिंग व्हाउचर देऊ केलं. 'गाडी आहे त्या स्थितीत स्वीकारली' अशा कागदावर तुमची सही आहे, हेही ऐकवलं.

माझे प्रश्न: गाडी परत देता येते का, की फक्त फरकाचे पैसे मिळतात? दाद कुठे मागायची? त्या सहीचं काय? आणि कर्जाचं काय करायचं?

चकली
लग्नाच्या बाजारात वय चोरतात हे ऐकून होतो. आता गाड्याही का!

रानवारा
पहिलं काम म्हणजे जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढून ठेव. जाहिराती गायब होतात. दुसरं, यापुढे डीलरशी फोनवर बोलू नकोस, सगळं ईमेलवर. आणि ते व्हाउचर घेऊ नकोस रे, घेतलंस की तो म्हणेल प्रकरण मिटलं.

वेलदोडा
रानवारा, धन्यवाद. मी 'रे' नाही, 'गं' आहे :) जाहिरात साइटवर अजून दिसतेय, 'विकली गेली' असा शिक्का मारून. स्क्रीनशॉट काढला. माहितीपत्रकाची सही केलेली प्रत पण सापडली.

काळी माती
एक भाबडी शंका. गाडी चालते, किलोमीटर खरे आहेत, अपघाती नाही. मग २०१४ काय नि २०१७ काय? जपानी गाड्या वीस-वीस वर्षं मरत नाहीत. उगाच कोर्टकचेरी करण्यापेक्षा दीड-दोन हजार डॉलर पदरात पाडून घ्या आणि मोकळ्या व्हा.

शंभू_हॅमिल्टन
@काळी माती, साधी पेट्रोल गाडी असती तर एक वेळ ऐकून घेतलं असतं. ही हायब्रिड आहे. पहिल्या पिढीच्या अ‍ॅक्वात निकेल-मेटल हायड्राइडची बॅटरी असते आणि ती नुसत्या किलोमीटरने नाही, वयानेही थकते. बदलायचा खर्च बारीकसारीक नाही. शिवाय विकताना समोरचा माणूस पहिला प्रश्न 'कितीची?' हाच विचारतो. इथे तीन वर्षांचा फरक म्हणजे सरळ काही हजारांचा फरक.

अवांतर: भारतातल्या वाचकांसाठी सांगतो, न्यूझीलंडमध्ये आज मोटारी बनत नाहीत. १९९८ साली आयात शुल्क गेलं आणि उरलेसुरले जोडणी कारखाने बंद झाले. त्याच्या दहाएक वर्षं आधीपासून जपानमधून वापरलेल्या गाड्यांचा ओघ सुरू झाला होता. स्टीअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे, त्यामुळे गाडी जहाजातून उतरली, तपासणी झाली की रस्त्यावर. आमच्या गाडीत तर किल्ली फिरवली की एक बाई अत्यंत नम्रपणे जपानीत काहीतरी सांगते. आम्ही तिला 'सुमनताई' म्हणतो. काय म्हणते ते देव जाणे.

योकोहामाकर
सुमनताई म्हणतात, 'ईटीसी कार्ड घातलेलं नाही.' म्हणजे इथल्या एक्सप्रेसवेच्या टोलचं कार्ड. :D

आता मूळ मुद्दा. जपानी कागदांवर गाडी कारखान्यातून कधी निघाली ते नसतं, पहिली नोंदणी कधी झाली ते असतं. तेही बऱ्याचदा सम्राटाच्या कालगणनेत. हेइसेइ २६ म्हणजे २०१४, हेइसेइ २९ म्हणजे २०१७. हेइसेइच्या आकड्यात १९८८ मिळवायचे. १ मे २०१९ पासून रेइवा सुरू झालं, त्यात २०१८ मिळवायचे. लिलावाच्या कागदावर (ज्यावर ग्रेड आणि ओरखड्यांचा नकाशा असतो) बहुतेक वेळा नुसतं 'एच २६' असं हाताने खरडलेलं असतं. सहा आणि नऊ वाचण्यात गफलत झाली असं डीलर म्हणू शकेल.

पण गाडी जपानबाहेर जाताना नोंदणी रद्द केल्याचं निर्यात प्रमाणपत्र मिळतं. ते छापील असतं आणि पहिल्या नोंदणीचा महिना-वर्ष त्यावर असतोच. आयात करणाऱ्याने तो कागद पाहिलेला असतो, त्याशिवाय गाडी तुमच्या देशात नोंदली जात नाही. तुमच्या सरकारी नोंदवहीत २०१४ आलं ते तिथूनच. म्हणजे बरोबर वर्षाचा कागद साखळीत होता आणि काचेवर मात्र दुसराच आकडा लागला.

दोन गोष्टी तपासा. एक, चॅसी नंबर. जपानी बाजारासाठी बनलेल्या गाडीला सतरा आकडी व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) नसतो, अ‍ॅक्वाला 'एनएचपी१०' ने सुरू होणारा नंबर असतो. त्यावरून उत्पादनाचा महिना काढता येतो. दोन, लिलावाचा कागद डीलरकडे मागा. दिला तर उत्तम. नाही दिला तर नकार ईमेलवर येऊ द्या.

आंबेमोहर
व्हीआयएनमधला दहावा आकडा बघा ना, तो वर्षाचा असतो. एच म्हणजे २०१७.

योकोहामाकर
@आंबेमोहर, तेच सांगतोय, जपानी देशांतर्गत गाडीला तो नंबर नसतोच. न्यूझीलंडमध्ये उतरल्यावर त्यांचे लोक '७ए' ने सुरू होणारा स्वतःचा नंबर देतात. त्यात दहावं अक्षर बघून वर्ष काढायला गेलात तर फसाल. आणि दहाव्या अक्षराची पद्धत मुळात अमेरिकी बाजाराची. युरोपातल्या कित्येक कंपन्या त्यांच्या बाजारातल्या गाड्यांना ती पाळत नाहीत.

अडकित्ता
उशिरा आले. वेलिंग्टनला एका वकिली कचेरीत काम करते. हा सल्ला नव्हे, माहिती समजा. पक्क्या सल्ल्यासाठी जवळच्या कम्युनिटी लॉ सेंटरमध्ये किंवा सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस ब्युरोत जा, दोन्हीकडे फुकट बोलता येतं.

वेलदोडा, तुमच्या हातात दोन कायदे आहेत आणि दोन्ही जोडीने वापरायचे असतात.

पहिला फेअर ट्रेडिंग अ‍ॅक्ट १९८६. कलम ९ म्हणतं, व्यापाऱ्याने दिशाभूल करणारं किंवा दिशाभूल होण्यासारखं वर्तन करायचं नाही. कलम १३ मालाविषयीच्या खोट्या विधानांबद्दल आहे. 'टायपिंग मिस्टेक' या सबबीचा कलम ९ पुढे काही उपयोग नाही. फसवायचा हेतू होता हे तुम्हाला सिद्ध करावं लागत नाही. त्यामुळे अर्जात 'डीलरने मुद्दाम', 'कट करून' असलं एक अक्षर लिहू नका. लिहिलंत की ते सिद्ध करायचं लोढणं गळ्यात. मुदत तीन वर्षं, आणि ती फसवणूक कळली किंवा कळायला हवी होती तेव्हापासून मोजतात.

दुसरा कन्झ्युमर गॅरंटीज अ‍ॅक्ट १९९३. याच्या कलम ९ नुसार माल वर्णनाशी जुळला पाहिजे. न जुळणं किरकोळ असेल तर डीलरला दुरुस्तीची संधी द्यावी लागते. पण 'गंभीर स्वरूपाचं' असेल, म्हणजे हे आधी माहीत असतं तर साधारण शहाण्या माणसाने घेतलीच नसती किंवा वर्णनापासून माल फार लांब आहे, तर तुम्ही दोनांपैकी एक निवडू शकता. गाडी नाकारून पैसे परत, किंवा गाडी ठेवून किमतीतल्या फरकाची भरपाई. आणि वय काही दुरुस्त करता येत नाही!

ती सही विसरा. घरगुती ग्राहकाला या कायद्यांतून सहीच्या जोरावर बाहेर काढता येत नाही. 'आहे त्या स्थितीत' हे वाक्य डीलर लोक अजून छापतात कारण ते वाचून ग्राहक गप्प बसतात.

दाद मागायची मोटर व्हेइकल डिस्प्यूट्स ट्रायब्युनलकडे. २००३ च्या मोटर व्हेइकल सेल्स अ‍ॅक्टखाली ते आहे, एक लाख डॉलरपर्यंतचे दावे ऐकतं, फी किरकोळ. अर्ज गेला की डीलरला नोटीस जाते आणि त्याने तुमच्याशी बोलून चौदा दिवसांत काय झालं ते ट्रायब्युनलला कळवायचं असतं. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

चकली
@अडकित्ता __/\__ हा प्रतिसाद वर पिन करा कोणीतरी.

काळी माती
बरं, माझं मत मागे घेत नाही, पण आवाज कमी करतो.

पाटीलवाडा
डीलरचं नाव टाका की इथे! बाकीचे तरी सावध होतील.

वेलदोडा
नाव नाही टाकणार. प्रकरण चालू आहे, उद्या तोच माझ्यावर उलटायला नको. अडकित्ता, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. गाडी परत द्यायचा विचार पक्का होतोय. पण वर्षभर वापरली की मी. अजून नाकारता येईल?

अडकित्ता
कायद्यात ठरावीक दिवस नाहीत, 'वाजवी काळ' आहे (कन्झ्युमर गॅरंटीज अ‍ॅक्टचं कलम २०). दोष लक्षात यायला किती वेळ लागणं साहजिक होतं, ते बघतात. काचेवर, करारावर, सगळीकडे २०१७ असताना ग्राहकाने सरकारी नोंदवही उघडून बघायलाच हवी होती, असा युक्तिवाद डीलर करेल. तो टिकेल असं मला वाटत नाही, त्या माहितीपत्रकाचा जन्मच ग्राहकाने त्यावर विसंबावं म्हणून आहे. पण *कळल्यानंतर* वेळ दवडू नका. आजच लेखी कळवा की मी गाडी नाकारत आहे आणि कारण हे. 'नाराज आहे', 'काहीतरी करा' असं नको, 'नाकारत आहे' हे शब्द हवेत. आणि त्यानंतर गाडी घेऊन रोटोरुआच्या सहलीला जाऊ नका. नाकारलेली वस्तू आपलीच असल्यासारखी वापरत राहिलात तर नाकारल्याचं कोण मानेल?

शंभू_हॅमिल्टन
रोटोरुआला मीच निघालो होतो, सुमनताईंना घेऊन :(

रानवारा
माझा वेगळा सूर. नाकारण्यापेक्षा फरकाची भरपाई मागणं जास्त शहाणपणाचं. गाडी परत दिली की दुसरी शोधा, पुन्हा तोच बाजार, पुन्हा तेच डीलर. ही गाडी तुम्ही ओळखता, कुठे काय वाजतं ते ठाऊक आहे. त्याच किलोमीटरच्या २०१४ आणि २०१७ च्या अ‍ॅक्वांच्या जाहिराती ट्रेड मीवरून (इथली खरेदी-विक्रीची साइट) काढा, एखाद्या स्वतंत्र व्हॅल्युएशनवाल्याकडून लेखी किंमत घ्या आणि फरक मागा. मी माझ्या व्हॅनच्या वेळी असंच केलं. तिथे एका वर्षाचाच घोळ होता. ट्रायब्युनलपर्यंत जावं लागलं नाही, पैसे मिळाले.

अडकित्ता
एका वर्षाच्या फरकाला तेच योग्य. २०१३ च्या शेवटी बनलेली, २०१४ ला नोंदलेली गाडी कोणी '२०१४' म्हणून विकली तर मुळात फसवणूक म्हणता येईल का इथूनच वाद सुरू होईल, योकोहामाकर म्हणाले तसं जपानात वय नोंदणीवरूनच धरतात. तीन वर्षं, त्यात हायब्रिड, त्यात कर्ज काढून घेतलेली, हे प्रकरण माझ्या मते नाकारण्याच्या बाजूला झुकतं. पण अर्जात दोन्ही मागा. मुख्य मागणी पैसे परत, ती मान्य नसेल तर पर्यायी मागणी भरपाई.

आंबेमोहर
मंडळी, मी पुण्यातला, आणि शीर्षक नीट न वाचता घुसलो हे कबूल. पण आलोच आहे तर भारतातलं सांगतो, इथेही हा उद्योग जोरात आहे.

माझ्या मेहुण्याने मुंबईच्या एका प्री-ओन्ड शोरूममधून परदेशी बनावटीची, पूर्ण आयात झालेली एसयूव्ही घेतली. '२०२१ मॉडेल'. आरसी हातात आली तर नोंदणी २०२१ ची, पण उत्पादन २०१९ चं! जहाजातून आली, यार्डात पडून राहिली, मग कोणीतरी नोंदवली. शोरूमवाला म्हणे, 'आम्ही नोंदणीचं वर्ष सांगतो, सगळे तेच सांगतात.' मेहुणा म्हणे, 'मॉडेल म्हणालात तुम्ही.' दोन महिने हाच संवाद.

तर भारतात घेणाऱ्यांनी हे बघा:
आरसीवर नोंदणीची तारीख आणि उत्पादनाचा महिना-वर्ष दोन्ही असतात. *पैसे द्यायच्या आधी* बघा. नवी गाडी असेल तर डीलरच्या फॉर्म २१ वर, म्हणजे विक्री प्रमाणपत्रावर, उत्पादनाचा महिना-वर्ष लिहावाच लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२२ नुसार तो गाडीवर उमटवलेलाही असावा लागतो.

तक्रार ग्राहक आयोगाकडे, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली. जुना माल नवा म्हणून विकणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथाच आहे. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोग. पाच लाखांपर्यंत फीच नाही. मुदत २ वर्षं. आणि सर्वांत मोठी सोय म्हणजे तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. मेहुण्याने पुण्यातच केली, मुंबईला खेटे घालावे लागले नाहीत. आधी १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली होती, तिचा शोरूमवर ढिम्म परिणाम झाला नाही, पण नोंद कामी आली.

पाटीलवाडा
आणि पोलिसात? चारशे वीस लावा की सरळ!

आंबेमोहर
चारशे वीस आता नाही राहिलं, भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे. आणि तिथे हेतू सिद्ध करावा लागतो, अडकित्ताताईंनी वर ज्या लोढण्याबद्दल सांगितलं तेच. पोलीस 'हा दिवाणी मामला आहे' म्हणून परत पाठवतात. गाड्यांचं मोठं रॅकेट असेल, खोटे कागद बनवले असतील, तर गोष्ट वेगळी.

चकली
मग मेहुण्याचं काय झालं?

आंबेमोहर
आयोगाने मध्यस्थीला पाठवलं. शोरूमवाल्याने किमतीतला काही भाग परत केला. मेहुणा समाधानी, बहीण नाही. तिचं म्हणणं, अजून ताणायला हवं होतं.

हिरवी खिडकी
आम्ही लीड्सला. इथे डीलरकडून घेतलेली गाडी वर्णनाशी जुळत नसेल तर पहिल्या ३० दिवसांत सरळ परत करून पूर्ण पैसे मागता येतात, कन्झ्युमर राइट्स अ‍ॅक्ट २०१५. त्यानंतर मात्र डीलरला आधी दुरुस्तीची एक संधी द्यावी लागते. न्यूझीलंडसारखा 'वाजवी काळ' बरा की ठरलेले ३० दिवस बरे, मला ठरवता येत नाही. तीस दिवसांत कोणाच्या लक्षात येतंय!

निवांत
मी ख्राइस्टचर्चला. असंच झालं होतं, पण गाडी डीलरकडून नव्हे, एका माणसाकडून घेतलेली. मलाही ट्रायब्युनल लागू?

अडकित्ता
नाही. खाजगी विक्रेता 'व्यापारात' नसतो, म्हणून वरचे दोन्ही कायदे आणि मोटर ट्रायब्युनल तिथे चालत नाहीत. तुमच्यासाठी कॉन्ट्रॅक्ट अँड कमर्शियल लॉ अ‍ॅक्ट २०१७. चुकीच्या विधानावर विसंबून करार केला असेल तर कलम ३५ खाली नुकसानभरपाई मिळते. जायचं नेहमीच्या डिस्प्यूट्स ट्रायब्युनलकडे. फक्त एक बघा, तो 'एक माणूस' वर्षाला ढीगभर गाड्या विकत असेल तर तो व्यापारीच, नोंदणी केलेली असो वा नसो.

निवांत
अंगणात चार गाड्या उभ्या होत्या त्याच्या...

शंभू_हॅमिल्टन
हाहा, मग जा परत अंगण मोजायला.

वेलदोडा
अपडेट. नाकारल्याचं पत्र ईमेलने आणि टपालाने, दोन्ही पाठवलं. चॅसी नंबरावरून उत्पादनही २०१४ चंच निघालं. लिलावाचा कागद मागितला तर 'तो आमच्याकडे ठेवत नाही' असं उत्तर आलं, ईमेलवर. :)

डीलरच्या मॅनेजरचा फोन आला. आवाज एकदम मऊ. आता पाचशेच्या व्हाउचरऐवजी बाराशे रोख म्हणतोय. घरात दोन तट पडलेत. नवरा म्हणतो घेऊन टाक, कामावरून सुट्या घेऊन कुठे सुनावण्या करत बसतेस. आई (नाशिकहून, व्हिडिओ कॉलवर) म्हणते एक पै कमी घेऊ नकोस, आणि त्या माणसाचा नंबर मला दे.

चकली
नंबर आईंना द्याच!!

काळी माती
मी सुरुवातीला दीड-दोन हजार म्हणालो होतो, तोही बाराशेवर आलाय म्हणजे माझ्याही खाली! आता नका घेऊ.

रानवारा
ट्रेड मीवरच्या जाहिराती काढल्या का? फरक किती दिसतो?

वेलदोडा
साधारण तेवढेच किलोमीटर धरले तर साडेतीन ते चार हजारांच्या आसपास. जाहिराती पीडीएफ करून ठेवल्यात.

रानवारा
मग बाराशे हा थट्टेचा आकडा आहे. मी माझं मत बदलतो, अर्ज करा.

अडकित्ता
अर्ज कराच. आणि कर्जाचं राहिलंच होतं. हप्ते थांबवू नका, डीलरवरचा राग फायनान्स कंपनीवर काढलात तर तुमची क्रेडिट हिस्ट्री खराब होईल. डीलरने स्वतः जुळवून दिलेलं कर्ज असल्यामुळे ट्रायब्युनल गाडी परत घ्यायला लावताना कर्जाच्या कराराखालच्या तुमच्या जबाबदाऱ्याही डीलरवर टाकू शकतं. अर्जात ती मागणी वेगळी, स्पष्ट लिहा आणि कर्जाचा करार जोडा. भरलेले हप्ते, त्यातलं व्याज, सगळ्याचा तक्ता करा.

शिवाय कॉमर्स कमिशनकडे (फेअर ट्रेडिंग अ‍ॅक्ट राबवणारी सरकारी संस्था) एक तक्रार टाकून ठेवा. ते तुमचे पैसे मिळवून देणार नाहीत, ते त्यांचं काम नाही. पण एकाच डीलरविरुद्ध तक्रारी साठल्या तर ते खटला भरू शकतात.

पाटीलवाडा
ट्रायब्युनलमध्ये वकील लागतो का? इंग्रजीत फाडफाड बोलावं लागतं का?

अडकित्ता
साधारण लोक स्वतःच बोलतात. ऐकणारे दोघं असतात, एक कायद्याचा माणूस आणि एक मोटारींतला जाणकार. तो जाणकार सीट बेल्टचं लेबल म्हणजे काय ते तुमच्याहून चांगलं ओळखतो. भाषणाची गरज नाही, तारीखवार एक पान लिहून न्या. आणि जुने निकाल इंटरनेटवर खुले आहेत, वर्ष चुकीचं सांगितल्याचे पाच-सहा वाचलेत की अर्ज कसा लिहायचा ते आपोआप कळेल.

योकोहामाकर
त्या लेबलचा फोटो काढताना सीट, पट्टा आणि गाडीचा नंबर एका ओळीत येतील असे फोटो काढा. नुसत्या लेबलचा जवळून काढलेला फोटो कुठल्याही गाडीचा असू शकतो. आणि डीलर म्हणेल पट्टे बदलले असतील. बदललेला पट्टा गाडीपेक्षा नवा असतो, तीन वर्षं जुना कसा असेल, एवढंच विचारा.

वेलदोडा
सगळ्यांना: ट्रायब्युनलची नोटीस डीलरला पोचली आणि चौथ्या दिवशी ईमेल आला. गाडी परत घेतो, रोख दिलेले चार हजार आणि आजवरचे हप्ते व्याजासकट देतो, कर्ज फेडून टाकतो. 'गुडविल म्हणून', असं लिहिलंय. चूक कुठेच मान्य नाही. आणि शुक्रवारी गाडी आणून द्या, पैसे 'पुढच्या आठवड्यात'.

आईचं म्हणणं, माफी लिहून घे. नवऱ्याचं म्हणणं, पेढे आण.

चकली
पेढे!! ऑकलंडात मिळतात का?

शंभू_हॅमिल्टन
सँडरिंगमला मिळतात. आम्हाला हॅमिल्टनला कुरिअर करा.

अडकित्ता
अभिनंदन, पण शुक्रवारी किल्ली देऊ नका. क्रम उलटा करा. आधी तडजोड लेखी: रक्कम, तारीख, कर्ज कोण आणि कधी फेडणार, दोघांच्या सह्या. ती ट्रायब्युनलला पाठवा आणि तिच्यावर आदेश मागा, म्हणजे उद्या तो फिरला तर वसुलीसाठी डिस्ट्रिक्ट कोर्टात जाता येईल. पैसे खात्यात दिसल्यावर गाडी, आणि गाडी देताना तिथेच उभं राहून मालकी बदल ऑनलाइन करा, नाहीतर त्याच्या टेस्ट ड्राइव्हचे दंड तुमच्या नावावर येतील. कर्ज बंद झाल्याचं पत्र फायनान्स कंपनीकडूनच घ्या, डीलरच्या तोंडावर विश्वास नको. अर्ज तोवर मागे घेऊ नका.

माफीचं म्हणाल तर ट्रायब्युनल पैसे मिळवून देतं, माफी नाही.

वेलदोडा
तसंच केलं. तीन दिवस कां-कूं करून सही दिली, आदेशही झाला. पैसे काल जमा झाले, गाडी आज दिली, मालकी बदल त्याच्या काउंटरवर उभं राहून फोनवरून केला. फायनान्स कंपनीचं पत्र यायचंय, आलं की अर्ज बंद करते. आता सहा महिने तरी बस आणि ट्रेन. पुढची गाडी बघायला जाताना निर्यात प्रमाणपत्र आधी मागणार. हेइसेइमध्ये १९८८ मिळवायचे, रेइवामध्ये २०१८, हे फ्रिजवर लिहून लावलंय.

पाटीलवाडा
आता तरी नाव सांगा डीलरचं.

वेलदोडा
नाही. :)